बोटभर फट

कपाटाचं दार बोटभर उघडं होतं. ते मी लावलं. झालं ते एवढंच, आणि एवढ्याशा गोष्टीने साठीला आलेल्या बाईचा जीव असा टांगणीला लागावा हे माझं मलाच पटत नाही. पण लागला आहे खरा. भाजी चिरताना, नळ सोडताना, बाजारात सुटे पैसे मोजून देताना माझे हात मला दिसतात आणि मी दचकते. ह्याच हातांनी लावलं, असं मनात येतं. मग मी ते एप्रनच्या खिशात घालते.

त्या दिवशी आम्ही तिघं होतो. बेलिफ मिनेगिशीसाहेब, कुलूपवाला तोकुजी आणि मी. कोर्टाचा हुकूम घेऊन बेलिफ कुणाच्या बंद घरात शिरतो तेव्हा बरोबर एक तिऱ्हाईत माणूस असावं लागतं. उद्या कुणी म्हणायला नको की साहेबांनी घरातलं काही उचललं. त्या तिऱ्हाइताला पंच म्हणायचं. नवरा गेल्यावर मी एका सामान हलवणाऱ्या कंपनीत खोकी भरायला जायचे, तिथेच कुणीतरी म्हणालं, उराबेबाई नाहीतरी गप्पच असतात, त्यांना पंच म्हणून पाठवा. साहेब दाराबाहेरून हाक मारतात, तोकुजी कुलूप काढतो, आम्ही आत जातो. साहेब खोल्या बघतात, भिंतीवर नोटीस चिकटवतात, मग माझ्याकडे वळून म्हणतात, "कोणी नाही. बरोबर?" मी मान हलवते की आम्ही बाहेर. आमच्या जपानी लिपीत पंच हा शब्द तीन अक्षरांनी लिहितात. पहिलं उभं राहण्याचं, दुसरं गाठ पडण्याचं, तिसरं माणसाचं. उभी मी राहतेच, माणूसही आहे, मधलं अक्षर मात्र शोभेचं आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. गाठ कुणाची पडणार? घर रिकामं असतं म्हणून तर पंच लागतो.

एबाराचं घर आमागासाकीत, कालव्याच्या बाजूला, एका जुन्या लाकडी दुमजली इमारतीत, वरच्या मजल्यावर शेवटचं. इमारत पाडायची आहे. बाकीची बिऱ्हाडं एकेक करून गेली. एबारा कोकिची नावाचा एकटा म्हातारा तेवढा हलेना, म्हणून मालक कोर्टात गेला. आणि हुकूम निघेपर्यंत म्हातारा दिसेनासा झाला. गेला असेल भावाकडे, असं मालक म्हणाला. लोखंडी जिना चढताना तोकुजीने मान वर करून विजेचा मीटर पाहिला.

"फिरतोय, साहेब."

"फ्रीज असेल."

"माणूस गेला आणि फ्रीज राहिला," तोकुजी म्हणाला. "आमच्याकडे उलटं झालंय. फ्रीज कधीच गेला, मी राहिलोय. बायको म्हणते, अदलाबदल झाली असती तर बरं झालं असतं."

मी हसले. हसतच आत गेले, म्हणून आधी फारसं काही लक्षात आलं नाही. सहा चटया मावतील एवढी एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर. दारात पुरुषी बूट आणि त्यांच्या शेजारी बायकी सपाता. ओट्यावर पालथा घातलेला वाडगा. नळावर पिळून टाकलेलं फडकं वाकडं लोंबत होतं, ते मी सवयीने सरळ करायला गेले तर हाताला ओलं लागलं. ओलं आहे, असा विचारही मी केला नसेन. हाताला कळलं, डोक्यापर्यंत पोचलं नाही. साहेब नोटीस लावायला कोरडी भिंत शोधत होते. मी बिछान्याच्या कपाटासमोर उभी होते. सरकतं कागदी दार, त्यावर बगळे, उन्हाने पिवळे पडलेले. दार आणि चौकट ह्यांच्यामध्ये बोटभर फट. आणि त्या फटीत, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, एक डोळा होता.

तो माझ्याकडे बघत होता. त्यात विनवणी होती, राग होता, असं काही मला म्हणता येणार नाही. डोळा एकटाच असला, त्याला चेहरा नसला, की त्यात काहीच वाचता येत नाही. फक्त बघणं असतं. मी ओरडले नाही, मागे सरले नाही, साहेबांना हाक मारली नाही. मी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी, लहानपणी प्रत्येक मुलीला शिकवतात तसं, एक तळवा दारावर आणि एक कडेला ठेवून, आवाज न होऊ देता दार चौकटीला नेऊन टेकवलं. फट गेली. बगळे पुरे झाले. मग साहेब वळले आणि म्हणाले, "कोणी नाही. बरोबर?" आणि माझी मान हलली. मी हलवली असं म्हणायला जीभ धजत नाही. ती हलली.

जिना उतरताना तोकुजी म्हणाला, "मावशी, भूतबित पाहिलंत की काय? चेहरा बघा, टोफूसारखा पांढरा झालाय."

"तुझं तोंड पाहिलं सकाळी सकाळी."

"मग ठीक आहे. त्याची सवय लागते हळूहळू," तो म्हणाला, आणि साहेबसुद्धा हसले. महिन्याभराने पुन्हा यायचं ठरलं. त्या दिवशी कुलूप बदलायचं, सामान बाहेर काढायचं, आणि मग इमारत पाडणारं यंत्र येणार. मी घरी आले आणि हात धुतले.

पहिले काही दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. उन्हाची तिरीप असेल. आरशाचा तुकडा असेल. मांजर असेल; मांजराचा डोळा असा असतो का, असं मीच मला विचारायचे आणि मीच गप्प व्हायचे. मग ते ओलं फडकं आठवायचं. घरात कोणी नाही तर फडकं ओलं कसं? नळ गळत असेल तर फडक्याचं टोक भिजेल, अख्खं फडकं पिळलेलं कसं असेल? मांजर फडकं पिळत नाही. कपाटात कुणीतरी आहे. माणूस आहे. एबारा असेल तर सपाता कुणाच्या? आणि एबारा नसेल तर जे कुणी आहे त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, त्याला शोधायला कुणी येणार नाही. भिंतीवर नोटीस आहे, त्यावर तारीख आहे. एक दार आधी बंद होतंच, दुसरं मी लावून आले. त्या तारखेला तोकुजी कुलूप काढेल आणि आम्ही आत जाऊ आणि साहेब पहिल्यांदा त्या कपाटापाशी जातील, कारण त्या दिवशी सगळी कपाटं रिकामी करायची असतात. आतलं माणूस तोवर जिवंत असेल की नाही, ह्याची धास्ती जगात एकट्या मला आहे. दुसऱ्या कुणाला असायचं कारणच नाही. दुसऱ्या कुणी पाहिलंच नाही.

माझ्या घरातही असंच कपाट आहे. सगळ्यांच्या घरात असतं. मी ते आधी सताड उघडं ठेवून पाहिलं. वरच्या फळीवर गाद्या, खालच्या फळीवर पंखा, नवऱ्याची मासेमारीची पेटी. दुपारच्या उजेडात सगळं स्वच्छ दिसत होतं, तरी मी त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसू शकेना. मग बंद केलं. बंद केल्यावर तर आणखीच. बंद दारामागे गाद्या, पंखा आणि पेटी आहेत हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि पाठीला पटणं ह्यांत फरक असतो. बाहेर पडले तरी तेच. दुकानांच्या ओळीत वरच्या मजल्यांवर बांबूचे पडदे, दारांना टपालाच्या फटी, अर्धवट ओढलेली शटरं, कुंपणातल्या सुटलेल्या फळ्या. ह्या गावात इतक्या फटी आहेत हे मला आत्ता दिसायला लागलं. प्रत्येक फटीजवळून जाताना माझी पावलं आपोआप भरभर पडतात. बटाट्याचे कोरोक्के तळणारी शिमे माझी जुनी मैत्रीण. ती परवा म्हणाली, "तोमोए, कुणाचे पैसे बुडवलेस की काय? चोरासारखी चालतेस." मी म्हटलं, गुडघा दुखतोय. ती म्हणाली, "गुडघा दुखला की लोक हळू चालतात गं." मी दोन कोरोक्के घेतले आणि खाल्ले नाहीत.

चौकात सिग्नलच्या खांबाला पोलिसांनी एक पाटी बांधली आहे. उन्हाळ्यात तिथे एका सायकलवाल्या मुलीला कुणीतरी गाडीने उडवलं आणि पळालं. पाटीवर लिहिलं आहे की ज्यांनी पाहिलं त्यांनी पुढे यावं. पाहणाऱ्यासाठी तिथे जो शब्द आहे त्यात डोळा आहे आणि तडाखा आहे. डोळ्याला तडाखा बसलेला माणूस. मी गेले कित्येक महिने त्या पाटीखालून जाते, कधी वाचली नव्हती. आता वाचते. वाचून झाली तरी हलत नाही. हिरवा दिवा लागतो, लोक पुढे जातात, मी उभीच. मला काहीतरी दिसलं आहे आणि मी पुढे आलेली नाही, हे त्या पाटीला कळलं आहे असं वाटतं. सायकलवालीशी माझा काही संबंध नाही. तरी एक दिवस तिथल्या पोलिसाने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "आजी, लागलं का कुठे?" त्याने वाकून विचारलं. मी मान हलवली. मान हलवणं मला फार छान जमतं.

पाहणाऱ्यांसाठी आमच्याकडे शब्दांना तोटा नाही. आग लागली, भांडण जुंपलं, कुणी पुलावरून उडी टाकली, की जी माणसं हातातलं काम टाकून बघायला धावतात त्यांना घोडा म्हणतात. तोही उमदा घोडा नव्हे; म्हातारा, बिनकामाचा, पुढच्या घोड्यांच्या मागे नुसता मान हलवत जाणारा. माझे वडील असे घोडा होते. बंब जाताना ऐकला की जेवणावरून उठायचे. आई म्हणायची, "निघाला घोडा." मी पाच-सहा वर्षांची असताना साबणाच्या कारखान्याला आग लागली तेव्हा त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि पळत नेलं. त्यांच्या केसांच्या तेलाचा वास, आणि त्यात मिसळलेला जळणाऱ्या साबणाचा वास, अजून आठवतो. सगळ्यांचे चेहरे वर आणि तांबडे. कारखान्याच्या छपरावर एक माणूस उभा होता आणि पांढरं काहीतरी हलवत होता. गर्दी "ओऽऽ" म्हणाली. त्या आवाजाने मी इतकी घाबरले की वडिलांच्या मानेवर मला शू झाली. त्यांना कळलं नाही. घरी आल्यावर, सदरा अंगाला चिकटल्यावर कळलं. आईने तो सदरा धुतला आणि धुताना म्हणाली, "तुझ्या बापाला गावभरच्या आगी दिसतात. मानेवरची पोर तेवढी दिसत नाही." छपरावरच्या माणसाचं पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. मी डोळे मिटले होते.

तीच आई पुढच्या वर्षी गेली. मेली नाही, निघून गेली. दुपार होती. मला कपाटात बसायला आवडायचं. खालच्या फळीवर, गाद्यांच्या मागे, कापसाच्या आणि कापराच्या उबेत मी तासन् तास बसायचे, दार बोटभर उघडं ठेवून. त्या फटीतून खोली अगदी वेगळी दिसायची, जशी आपण नसताना ती दिसत असेल. आई आली. तिने बाहेर जायचा करडा कोट घातला होता. रुमालात बांधलेलं एक गाठोडं तिने खाली ठेवलं, गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली. ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायली. मी खुदकन हसणार होते. मग ती दाराकडे गेली, थांबली, परत आली, आणि कपाटासमोर येऊन उभी राहिली. तिचे पायमोजे मला अगदी जवळून दिसले. डाव्या अंगठ्याला रफू होतं. ती गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी, आवाज न होऊ देता, तिने दार लावलं. आत अंधार झाला. नंतर बाहेरच्या दाराची घंटी वाजली आणि सगळं शांत झालं. मी तशीच बसून राहिले. आता ती परत येईल आणि एकदम दार उघडून मला पकडेल, असा तो खेळ असणार, असं मला वाटत होतं. संध्याकाळी वडिलांनी दार उघडलं. आई गेली तेव्हा मी शेजारी खेळत होते आणि नंतर येऊन कपाटात बसले, असं सगळ्यांनी धरलं, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही. काही वर्षांनी ती कुठेतरी दक्षिणेकडे वारल्याचं कुणीतरी वडिलांना सांगून गेलं. वडील त्या दिवशी कुठलीच आग बघायला गेले नाहीत.

आणि मी सगळं आयुष्य एका वाक्यावर काढलं. तिला मी दिसले नाही. दार अर्धवट राहिलं होतं, घरंदाज बाईच्या हाताला ते सहन झालं नाही, तिने लावलं. दिसले असते तर ती गेलीच नसती. कुठली आई जाईल? नवऱ्यालाही मी हे असंच सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, "बरोबर आहे, अंधारात कशी दिसणार तू." तो भला माणूस होता. ह्या वाक्याला मी कधी हात लावला नाही, जसा देवघरातल्या मागच्या तसबिरीला कुणी लावत नाही. आता माझ्या हातांनीच ते मोडलं. कारण मला आता माहीत आहे की नुसत्या उघड्या दारासाठी कुणी गुडघ्यांवर बसत नाही. मी एबाराच्या घरात का वाकले? उभ्याने पायाने सरकवता आलं असतं. मी वाकले, कारण डोळा खाली होता. तिने पाहिलं. तिने नक्की पाहिलं. मी इतकी वर्षं कपाटातून पाहत होते, पण तिच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तर तिकडे माझेच हात आहेत. रागावू तरी कुणावर? भीती वाटते ती ह्याचीच. कपाटातल्या त्या माणसाची नव्हे, भुताची नव्हे. पाहून, ओळखून, अगदी नीट, हळूच, दार लावता येतं. ते माझ्या हातांना येतं. आणि त्याला वेळ लागत नाही.

दुसऱ्या एका घराच्या कामाला गेलो होतो तेव्हा मी साहेबांशी बोलायचं ठरवलं. काम आटपलं होतं, तोकुजी अवजारं भरत होता, साहेब जिन्यात उभे राहून डब्यातली कॉफी पीत होते.

"साहेब, ते एबाराचं घर."

"हं."

"तिथे पंचाने काही पाहिलं असेल, आणि नंतर आठवलं, तर?"

साहेबांनी डबा खाली केला. माणूस वाईट नाही. रिकाम्या घरात शिरतानासुद्धा बूट काढून ओळीने ठेवतो. "उराबेबाई, इतकी वर्षं काम करताय. पंचाने काय बघायचं असतं? घर नाही बघायचं. आमच्याकडे बघायचं. मी कुठे हात घातला, तोकुजीने काय फोडलं, एवढंच. तुम्ही आमच्यावर नजर ठेवायला असता."

"म्हणजे माझ्यावर," तोकुजी म्हणाला. "साहेबांचा हात कुठे जात नाही, त्यांना घरी बायको आहे."

"तू गप रे." साहेब माझ्याकडे बघत होते. "काय पाहिलंत? कुणी होतं का तिथे? तसं असेल तर आत्ता सांगा, आजच जाऊ. पालिकेच्या मदतनीस बायकांना घेऊन जाऊ, घाबरवायचं नाही कुणाला. मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं."

विचारलं होतं. माझ्या तोंडात शब्द येऊन उभे राहिले. डोळा होता, साहेब. एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता. तो साहेबांच्या कपाळावरच्या आठीत तयार होता. पाहिलंत, मग दार का लावलंत? ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते ज्या बाईकडे होतं ती कुठेतरी दक्षिणेकडे मरून गेली होती. मी हात पाठीमागे घेतले.

"नाही, कुणी नव्हतं," मी म्हणाले. "सपाता बायकी होत्या, एवढंच. उगाच मनात आलं."

"बायको असेल आधी कधी," साहेब म्हणाले आणि कॉफी संपवली. तोकुजी मात्र मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. वाटेत अवजारांची पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिला. मग म्हणाला, "मावशी, मी कुलपं उघडतो ना, तेव्हा दरवेळी वाटतं, आतून कुणी 'कोण आहे' म्हणालं तर? वीस वर्षं झाली. अजून बोटं गार पडतात. म्हणून तर बडबडतो मी." मी त्याला म्हटलं, "मग सांगायचंस कधी." तो म्हणाला, "तुम्ही तरी कुठे सांगता?" गाडी आली म्हणून मी सुटले.

तारीख जवळ आली तसं मला खाणं जाईना. सगळ्यात वाईट म्हणजे मला एक आशा वाटायला लागली, आणि तिची मला किळस येते. आशा अशी की ते माणूस एव्हाना निघून गेलेलं असावं. तिच्याखाली, जरा खोल, दुसरी एक होती. की ते कपाटातच संपलेलं असावं, म्हणजे मला पाहिलेलं कुणी उरणार नाही. मी भांडी घासत होते तेव्हा हे मनात आलं. मी नळ बंद केला. ओल्या हातांनीच फडकं उचललं, पिळलं आणि नळावर टाकलं, आणि ते तिथे वाकडं लोंबत राहिलेलं मी बघत राहिले. कुणीतरी आपलं घर सोडावं लागणार हे माहीत असतानाही फडकं पिळून वाळत घालतं. ते माणूस मरायला टेकलेलं नव्हतं. ते जगत होतं, गुपचूप, आवाज न करता, आणि मी त्याच्यावर दार लावून आले होते. मी कोट घातला. आईचा होता तसाच करडा आहे हे मला बाह्यांत हात घातल्यावर लक्षात आलं. काढून टाकावासा वाटला. पण दुसरा नाही माझ्याकडे.

पंचाने परस्पर अशा घरी जायचं नसतं. कळलं तर काम जाईल. शिमेकडून मी गरम कोरोक्के घेतले, भाताचे दोन गोळे घरून नेले. "आज चार?" शिमे म्हणाली. "कोणी पाहुणं आहे का?" मी म्हटलं, बघू. दुपारचं ऊन कालव्यावर पडलं होतं. इमारतीभोवती पाडकाम करणाऱ्यांनी लोखंडी पत्रे उभे केले होते, एक पत्रा अजून लावायचा राहिला होता, त्यातून मी आत गेले. खालची सगळी दारं उघडी, आत चटया उपटलेल्या. जिन्याची प्रत्येक पायरी वाजत होती. मीटर फिरत होता की थांबला होता हे बघायचा धीर मला झाला नाही. शेवटच्या दारापाशी जाऊन मी उभी राहिले आणि नाक पुढे करून वास घेतला. कशाचा ते सांगवत नाही. फक्त ओल्या लाकडाचा वास आला. मग कोरोक्क्यांचा.

मी दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. दाराच्या खालच्या अंगाला टपालाची फट होती, पितळी झाकणाची. मी गुडघ्यांवर बसले. झाकण ढकललं आणि डोळा लावला. आत अंधार. हळूहळू सपाता दिसल्या. त्या दिवशी दाराकडे पाठ करून होत्या. आता त्यांची तोंडं दाराकडे होती.

"ऐका," मी म्हणाले. आवाज फुटेना, पुन्हा म्हणाले. "मी उराबे. उराबे तोमोए. मी..." मी कोण? पंच म्हणावं तर तो शब्द ऐकून कुणी दार उघडणार नाही. पाहणारी? बघायला आलेली? सगळे शब्द एकेक करून तोंडाशी आले आणि परत गेले. ह्यातला कुठलाच मला लावून घ्यायचा हक्क उरला नव्हता. "त्या दिवशी तिघं आले होते ना, त्यातली मी. तुम्हाला खायला आणलंय. गरम आहे. एकटीच आले आहे."

आत चटईवर काहीतरी घासलं. कुणीतरी गुडघ्यांवर सरकत येत होतं आणि मध्येच थांबत होतं. पळून जावंसं वाटलं. माझ्या अंगातला प्रत्येक स्नायू उठायला तयार होता, आणि हे झाकण सोडलं की ते आपोआप, हळूच, आवाज न करता बंद होणार होतं.

"एबारा उन्हाळ्यात इस्पितळात गेले," आतून एक म्हातारा, बायकी, वापर नसल्याने गंजलेला आवाज आला. "तिथेच वारले. माझं नाव घराच्या कागदांत कुठे लावलेलं नाही हो. म्हणून आवाज करत नाही मी." मग तीच म्हणाली, "दार लावलंत त्या तुम्हीच ना?"

"हो," मी म्हणाले. "मीच."

"मला वाटलं, मी दिसलेच नाही तुम्हाला."

माझ्या घशातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मी कपाळ दाराला टेकवलं. लाकूड गार होतं. पलीकडे, तेवढ्याच उंचीवर, कुणीतरी श्वास घेत होतं.

"दिसलात," मी म्हणाले. "तेव्हाच दिसलात."

साखळी काढायला तिला फार वेळ लागला. बोटं चालत नसावीत. तेवढा वेळ मी टपालाच्या फटीत हात घालून झाकण उघडं धरून ठेवलं होतं.